जिमखान्याचं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जिमखाना हा शब्द मला फार आवडतो. कोशकार सांगतात, मूळ शब्द गेंदखाना. गेंद म्हणजे चेंडू आणि खाना म्हणजे घर. आपला कारखाना, दवाखाना, छापखाना यांतला जो खाना, तोच हा, फारसीतून आलेला. साहेबाच्या जिभेवर गेंदचं जिम झालं आणि त्यावर त्याच्या जिम्नॅस्टिक्सची सावली पडली. असा हा हिंदुस्थानी, फारसी आणि इंग्रजी अशा तीन घरांचं पाणी प्यालेला शब्द. पण ज्या इमारतींवर तो कोरला गेला, त्यांच्या आत अशी सरमिसळ चालत नव्हती. चर्नी रोडहून मरीन लाइन्सकडे लोकलने जाताना समुद्राच्या बाजूला पाहा. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना. खेळायच्या जागांना धर्मांची नावं. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की हे असं का, हा प्रश्नसुद्धा पडत नाही.

हे असं का, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात धर्मापासून झाली नाही, रंगापासून झाली. १८७५ साली मुंबईत बॉम्बे जिमखाना निघाला, तो फक्त युरोपियनांसाठी. एस्प्लनेडच्या, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या एका टोकाला त्याची जागा. याच विस्तीर्ण मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं त्याआधीपासून क्रिकेट खेळत होती. खेळपट्टी कसली, जमेल तशी जागा सारखी करायची आणि तीन काठ्या रोवायच्या. जिमखान्याच्या कुंपणाआतली हिरवळ राखलेली, तिथे या पोरांना पाऊल ठेवायची परवानगी नाही. तेही एक वेळ चाललं असतं. पण साहेबलोकांना पोलो खेळायचा होता आणि पोलोच्या घोड्यांनी आपली हिरवळ उखडलेली त्यांना चालणार नव्हती. मग घोडे कुठे आले? या पोरांच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची की चेंडू कुठून कुठे उडेल याचा भरवसा नाही.

शापूरजी सोराबजी नावाच्या एका पारशी गृहस्थाने हा विषय लावून धरला. १८८१पासून त्याने गव्हर्नराकडे अर्ज केले, त्यावर शेकडो सह्या गोळा केल्या. सरकारने एकदा म्हणणं मान्यही केलं, पोलो दुसरीकडे न्यायचं ठरलं; पण जिमखान्याने वजन वापरलं आणि निर्णय फिरला. या सगळ्या लढ्याची हकीकत शापूरजीने पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. पारशी क्रिकेटचा इतिहास असं त्याचं स्वरूप, पण निम्मा जीव या भांडणात अडकलेला. आपल्याकडच्या नागरी हक्कांच्या इतिहासात या माणसाला कोपऱ्यातली तरी जागा मिळायला हवी होती, असं मला वाटतं. त्याची मागणी फार मोठी नव्हती. जिमखान्याचं सभासद करून घ्या असं तो म्हणतच नव्हता. आमच्या जागेवर घोडे आणू नका, एवढंच.

सरकारने यावर जो तोडगा काढला, तो मोठा चतुर होता. दार उघडलं नाही, दारं वाढवली. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला आणि समुद्राला हटवून तयार झालेल्या केनेडी सी फेसच्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हवर, त्याला जमीन मिळाली. पारशांना मिळाली म्हटल्यावर मुसलमानांनी मागितली, हिंदूंनी मागितली. तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडचे एकेकाळचे कर्णधार. १८९२ साली इस्लाम जिमखाना आला. त्यामागे बद्रुद्दीन तैयबजी होते, पाचच वर्षांपूर्वी काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलेले. १८९४ साली परमानंददास जीवनदास यांच्या नावाने हिंदू जिमखाना आला. १९१२मध्ये कॅथलिक जिमखाना. ज्या तैयबजींनी अखिल देशाच्या सभेचं अध्यक्षपद घेतलं, त्यांना खेळासाठी मात्र जमातीच्या नावाने अर्ज करावा लागला. कारण 'आम्ही मुंबईचे रहिवासी, आम्हाला खेळायला जागा द्या' असा अर्ज स्वीकारणारी खिडकीच नव्हती. त्यांना मी दोष देत नाही. बाहेर ठेवलेल्या माणसाने स्वतःचं छप्पर उभारलं तर त्यात गैर काय?

अडचण पुढे येते. स्वतःचं छप्पर उभारताना माणसाने ज्या घराबाहेर तो उभा होता, त्याच घराचा नकाशा वापरला. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, नाव फलकावर लागलं पाहिजे, समितीने पसंत केलं पाहिजे. जुन्या इंग्रजी क्लबांत पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांचं गुप्त मतदान असे. पेटीत काळ्या गोट्या निघाल्या की माणूस बाद. कोणी टाकल्या हे विचारायचं नाही, का टाकल्या हे तर नाहीच. क्लबच्या नियमांची खरी ताकद तिथे आहे. 'अमक्याला प्रवेश नाही' अशी पाटी लावायची गरजच पडत नाही. हिंदी माणूस आणि कुत्रा यांना एका ओळीत बसवणाऱ्या पाट्यांच्या कहाण्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाटी असो वा नसो, कारण न सांगता नाकारण्याची सोय असल्यावर पाटीवर रंगाचा खर्च कोण करील?

आता या दारांच्या आतल्या एका माणसाची गोष्ट.

पळवणकर बाळू. जन्म १८७६चा, धारवाडचा, समाज चर्मकार, वडील पलटणीत. पुण्यात पारशांच्या एका क्लबात मैदान झाडायची, रोलर फिरवायची नोकरी, महिना तीन रुपये. तिथून तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, महिना चार रुपये. काम तेच, शिवाय जाळ्यात साहेबांना गोलंदाजी करायची. डावखुरा, संथ, चेंडू हवेत तरंगत ठेवणारा. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज रोज तासभर आधी येऊन याच्याकडून सराव करून घ्यायचा. आणि बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी कथा आहे. शेकडो तास बाळूने चेंडू टाकले. त्या जाळ्यात त्याच्या हातात बॅट मात्र एकदाही आली नाही. बॅट साहेबांची.

बाळूची कीर्ती पुण्यातल्या हिंदू खेळाडूंपर्यंत पोचली. युरोपियनांना हरवायचं तर हा माणूस हवा. घ्यावा की घेऊ नये यावर खल झाला, अखेर घेतला. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता. पण चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूला बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात, पिऊन फोडून टाकायच्या. जेवणाचं पान वेगळं. तोंड धुवायला पाणी घालायला त्याच्याच समाजाचा नोकर. जो चेंडू त्याने पाच मिनिटांपूर्वी घामाने पुसला, तो स्लिपमध्ये झेलताना कोणाला विटाळ झाला नव्हता. आपल्याकडच्या शिवाशिवीला इतकी बारीक घड्याळं ठाऊक आहेत!

प्लेगनंतर बाळू मुंबईला आला, रेल्वेत लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. तिथे हळूहळू पंगत मोकळी झाली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने तिची मुद्दाम दखल घेतली आणि पुणेकरांना चार शब्द सुनावले. फेब्रुवारी १९०६मध्ये, त्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूचे सामन्यात आठ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याला मानपत्र दिलं. त्या सोहळ्याशी तरुण भीमराव आंबेडकर जोडलेले होते.

इतकं होऊनही कर्णधारपद? ते नाही. १९२० साली पुन्हा डावलल्यावर त्याचे दोन भाऊ, विठ्ठल आणि शिवराम, जे त्याच संघात होते, त्यांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बाळूला मात्र ते पद रीतसर कधीच मिळालं नाही. युरोपियनांच्या दारातून बाहेर राहिलेल्यांनी घर बांधलं आणि त्या घरात एक माणूस ओसरीवर बसवला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आता येते, पण जिमखान्यांच्या गौरवअंकांत अजून तिला फारशी जागा दिसत नाही.

जिमखाने धर्मावर उभे राहिले म्हटल्यावर सामनेही धर्मावर होणार. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७मध्ये हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाली. मुंबई त्या दिवसांत वेडी व्हायची. १९३४ साली बॉबी तल्यारखान यांनी याच स्पर्धेतला पारशी-मुसलमान सामना नभोवाणीवरून बोलता बोलता ऐकवला. म्हणजे आपण आज ज्या यंत्रातून भेटतो आहोत, त्यावर क्रिकेट पहिल्यांदा आलं तेही जमातींचं क्रिकेट म्हणूनच.

१९३३ सालच्या डिसेंबरात हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला. कुठे? बॉम्बे जिमखान्यावर. कर्णधार सी. के. नायडू आणि दुसऱ्या डावात ११८ धावा काढून देशाचं पहिलं कसोटी शतक करणारा लाला अमरनाथ, हे दोघं ज्या हिरवळीवर खेळले, त्या जिमखान्याचे सभासद ते होऊ शकत नव्हते. समोरचा इंग्लंडचा कर्णधार जार्डिन. त्याचा जन्म मुंबईचाच, मलबार हिलवरचा. त्या दिवशी नायडूंना आत शिरताना काय वाटलं असेल, याचा विचार करत मी कधी कधी बसतो. कदाचित काहीच नसेल वाटलं. माणसाला सवय होते आणि सामना तर खेळायचाच असतो.

१९३७ साली स्पर्धा पंचरंगी झाली. पाचवा संघ आला, त्याचं नाव होतं 'द रेस्ट'. म्हणजे उरलेले. हिंदू नाहीत, मुसलमान नाहीत, पारशी नाहीत, युरोपियन नाहीत असे जे कोण ते: हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि इतर. आपल्याकडे 'शेष' हा शब्द किती मानाचा! त्यावर विष्णू निजतो. पण जमाखर्चाच्या वहीत शेष म्हणजे भागाकार झाल्यावर राहिलेलं, ज्याला कोणी वाली नाही ते. गंमत म्हणजे पंचरंगीच्या त्या पहिल्या वर्षी हिंदू संघच खेळला नाही. सामने नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर होते आणि आपल्या जिमखान्याच्या सभासदांना किती खुर्च्या मिळणार यावरून हिंदू जिमखान्याचं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसलं होतं. धर्माच्या नावाने संघ आणि भांडण खुर्च्यांचं. हे आपल्याला ओळखीचं वाटेल.

या 'शेष' संघात होते विजय हजारे. सांगलीचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. मी मिरजेकडचा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९४३-४४च्या पंचरंगीत हजाऱ्यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा काढल्या. माझे आजोबा तेव्हा मिरजेत शिवणकाम करत. पाच वेळचे नमाजी, अक्षरओळख बेताची. शेजारच्या दुकानातला पोरगा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि सगळी आळी ऐकायची. वडील सांगत की हजाऱ्यांच्या त्या २४८ धावांची बातमी आली तेव्हा आजोबांनी मशीन थांबवलं आणि दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. कोणीतरी चेष्टेनं म्हणालं, "मिस्त्री, अहो तुमच्याच लोकांना बडवलाय त्यानं!" आजोबा म्हणाले, "आपल्या सांगलीचा हाय न्हवं त्यो?" विषय संपला. दहा-बारा मैलांच्या आतला माणूस तो आपला, बाकीचा हिशेब मुंबईकरांनी करावा.

त्यानंतरचा अंतिम सामना तर दंतकथाच आहे. हिंदूंच्या ५८१ धावा, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. 'शेष' संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद. दुसऱ्या डावात ३८७. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला ठाण मांडून उभा, तीनशे धावांच्या भागीत त्याच्या एकवीस. संघ डावाने हरला. त्या डावाची जमात सांगा म्हटलं तर कोणाला सांगता येईल?

असे दिवस पुढच्या वर्षीही आले. अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना अवघ्या एका गड्याने हरवलं, के. सी. इब्राहिम शतक काढून शेवटपर्यंत नाबाद राहिला. हरलेला कर्णधार विजय मर्चंट दुसऱ्या बाजूच्या खोलीत जाऊन अभिनंदन करून आला. म्हणून काही जाणकार मंडळी म्हणतात की हे सामने उगाच बदनाम झाले, मैदानावर तर सगळं खेळीमेळीनं चालायचं. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. खेळाडू सभ्य होते हे खरं. पण रचना सभ्य नव्हती. डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींचा सल्ला घ्यायला गेलं. गांधीजींना क्रिकेटमधलं फारसं कळत नव्हतं, तरी त्यांनी नेमकं बोट ठेवलं. कॉलेजाकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने होतात हे समजू शकतं. हिंदू, पारशी, मुसलमान असे अकरा-अकरांचे संघ कशासाठी, हे मला कधीच उमगलं नाही, अशा आशयाचं ते बोलले. स्पर्धा तरीही चालू राहिली. पैसा होता, गर्दी होती. १९४६ साली ती बंद झाली, आणि बाहेर जे चाललं होतं ते पाहता फार उशिरा बंद झाली.

सामने थांबले. दारांचं काय झालं?

इथे एक तुलना करावीशी वाटते. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं आणि विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडलं. पुढे १९५०मध्ये राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणं, विहिरी, तळी, घाट, रस्ते, सगळं नाव घेऊन सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून इथे कोणाला अडवता येणार नाही. त्या यादीत क्लबाचं नाव नाही. उलट एकोणिसाव्या कलमात नागरिकांना संघ स्थापन करण्याचं स्वातंत्र्य आहे आणि आपल्या संघात कोणाला घ्यावं हे ठरवणं त्या स्वातंत्र्याचा भाग मानलं जातं. देवाचं दार कायद्याच्या कक्षेत आलं, बॅडमिंटनच्या कोर्टाचं दार खाजगी राहिलं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात असाच निर्णय दिला: सभासदत्व फक्त पारशांना, हा उपविधी बेकायदेशीर नाही. तो निकाल घरांबद्दलचा होता. मुंबई-पुण्यात माझ्यासारखं नाव घेऊन भाड्याचं घर शोधलेल्या कोणालाही विचारा, सभासदत्वाचा नियम क्लबच्या कुंपणापाशी थांबत नाही हे तो सांगेल.

माझा स्वतःचा अनुभव साधा आहे. नोकरीनिमित्त एका शहरात होतो. तिथल्या क्लबात टेबल टेनिसचं चांगलं टेबल होतं आणि माझा बॅकहँड त्या काळी बरा होता. एक वरिष्ठ स्नेही म्हणाले, "कवी, तुमचा अर्ज मी भरतो. सूचक मी, अनुमोदक आमचे मेहुणे." दोन महिने गेले. एका संध्याकाळी ते खाली बघत म्हणाले, "यंदा नवे सभासद घ्यायचे नाहीत असं समितीनं ठरवलंय हो. पण तुम्ही पाहुणे म्हणून रोज या ना, माझ्या नावावर!" त्याच महिन्यात आमच्याच कचेरीतल्या दोघांना सभासदत्व मिळालं. मी पाहुणा म्हणून जात राहिलो. क्लबच्या संघाला गरज पडली तेव्हा दोन सामनेही खेळलो आणि त्यांतला एक जिंकून दिला. दारातल्या पाहुण्यांच्या वहीत माझं नाव पानंच्या पानं सापडेल. ते स्नेही आजही माझे स्नेही आहेत. त्यांनी खरंच प्रयत्न केला होता. कारण विचारण्याची मात्र सोय नव्हती, कारण देण्याची सक्तीच नव्हती.

कोणी म्हणेल, तुम्ही मुसलमान मंडळींनीही वेगळं मराठी साहित्य संमेलन भरवलंतच की, १९९० साली सोलापूरला. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि तो अगदीच गैरलागू नाही. तैयबजींपुढे होता तसाच तो आहे. मोठ्या मांडवात बसायला सतरंजी मिळत नसेल तर छोटा मांडव घालावा लागतो. त्या मांडवाच्या दाराशी सूचक-अनुमोदकाची अट घातली गेली, तर मात्र त्या दिवशी मी पलीकडे जाऊन उभा राहीन.

नियम नेहमी धर्माचाच असतो असं नाही. लॉर्ड हॅरिस ज्या लॉर्ड्सच्या क्लबचे मोठे पुढारी, त्या मेरीलबोन क्रिकेट क्लबने १७८७पासून २११ वर्षं बाईला सभासद करून घेतलं नाही. १९९८च्या फेब्रुवारीतलं मतदान दोन तृतीयांशांअभावी फसलं, सप्टेंबरात पुन्हा घेतलं तेव्हा कुठे दार उघडलं. इकडे मुंबईत लॉर्ड विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपियन आणि हिंदी दोघांना घेणारा विलिंग्डन क्लब काढला. आपल्या हिंदी स्नेह्यांना गोऱ्यांच्या क्लबात नेता येईना म्हणून त्यांनी तो काढला, असं सांगतात. पुढे १९८८ साली त्याच क्लबच्या दारात मकबूल फिदा हुसेन यांना अडवलं. ते अनवाणी होते म्हणून. हुसेन जन्माने पंढरपूरचे. त्यांच्या गावात आत जायचं तर पायताण बाहेर काढावं लागतं. इथे पायताण नाही म्हणून बाहेर राहावं लागलं. नियम सगळ्यांना सारखा होता, हे क्लबचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच. पण बूट घालून जन्माला आलेल्यांनी लिहिलेला नियम सगळ्यांना सारखा असतो म्हणजे काय असतं, हे ज्याच्या पायात चप्पल आहे त्याला विचारावं.

हाच प्रकार २०१४ साली चेन्नईत घडला. तमिळनाडू क्रिकेट संघटनेच्या क्लबात एका पुस्तक प्रकाशनाला आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे आत सोडलं नाही. विधानसभेत गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कायदा झाला: वेष्टी किंवा भारतीय पारंपरिक वेश आहे म्हणून क्लबाने अडवलं तर वर्षभरापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड, परवाना रद्द. क्लब खाजगी आहे, आपण काय करणार, असं शंभर वर्षं ऐकत आलेल्या माणसाला हा कायदा वाचून मौज वाटते. धोतरासाठी कायदा क्लबात शिरू शकला. माणसाच्या नावासाठी मात्र तो अजून दाराबाहेरच थांबलेला आहे.

आणि ते दार ज्या जमिनीवर उभं आहे, ती कोणाची? मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांच्या जमिनी सरकारच्या, भाडेपट्ट्याने दिलेल्या. तिथलं क्रिकेट आता मिश्र आहे, हे आनंदाने सांगितलं पाहिजे. १९४८पासून पावसाळ्यात कांगा लीग चालते, भिजल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात, आणि संघांत कोण कुठला हे कोणी पाहत नाही. सूर्यकुमार यादव पारशी जिमखान्याकडून खेळला. पण संघातून खेळणं वेगळं आणि सभासद असणं वेगळं, हे बाळूच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे. सभासद कोणाला करायचं हे ज्या त्या जिमखान्याच्या घटनेत लिहिलेलं असतं, आणि जमिनीच्या अटी भाडेपट्ट्याच्या कागदात. पहिला कागद बदलणं सभासदांच्या हातात आहे. दुसरा कागद सरकारचा आहे, म्हणजे तुमचा-माझा. त्याची मुदत संपते, नूतनीकरणासाठी तो मंत्रालयात येतो, त्यावर टिपणं लिहिली जातात. भाडं किती, बांधकाम किती, लग्नाला हिरवळ द्यायची की नाही, या सगळ्यावर तिथे चर्चा होते. तेव्हाच आणखी एक ओळ घालता येईल: अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं.